लांबलेला खोकला आणि त्याच्या पाठोपाठ येणारी धास्ती

सर्दी गेली, ताप उतरला, तोंडाला चव आली. खोकला मात्र मुक्काम ठोकून बसला. तिसरा आठवडा लागतो. घरात कोणी ना कोणी रोज विचारतं, "अजून आहेच का?" लोकलमध्ये ठसका लागला की शेजारचा मान फिरवतो. आणि रात्री आडवं झालं, ढास लागली, की डोक्यात एकच: हा साधा खोकला नव्हे. मन चिंती ते वैरी न चिंती, ते अशा वेळी अगदी खरं होतं.

या दुखण्यात खोकला आणि धास्ती एकत्र नांदतात. धास्तीवर बोलणारे "काळजी करू नका" म्हणून मोकळे होतात, खोकल्यावर बोलणारे हळदीचं दूध सांगतात. दोन्ही अपुरं आहे. खोकला खरा असतो, घशातल्या नसा खरोखरच हळव्या झालेल्या असतात, आणि भीती त्या नसांना रोज नव्याने डिवचत राहते. म्हणून क्रम असा हवा: तपासण्या ठरल्या वेळी, नीट आणि एकदाच करायच्या, त्या झाल्या की भीतीकडेही दुखण्याचाच एक भाग म्हणून बघायचं.

आधी तारीख

खोकला सुरू झाला ती तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवा. डॉक्टरांपुढे बसल्यावर "महिना तरी झाला असेल" असं अंदाजाने सांगितलं जातं, आणि घाबरलेलं मन त्या अंदाजात दिवस वाढवतंच. मोठ्या माणसांत ३ आठवड्यांच्या आतला खोकला तात्पुरता, ३ ते ८ आठवड्यांचा मधला आणि ८ आठवड्यांच्या वर गेलेला जुनाट मानतात. लहान मुलांत ४ आठवड्यांनाच जुनाट म्हणतात.

आता यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. विषाणूच्या सर्दीनंतरचा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. लोकांची अपेक्षा असते आठवड्याभराची. मधल्या दहा दिवसांत सगळा घोळ होतो. आठव्या दिवशी अँटिबायोटिक सुरू होतं, बाराव्या दिवशी ते बदलतं, अठराव्या दिवशी खोकला आपल्या वेळेने जातो आणि श्रेय शेवटच्या बाटलीला मिळतं. विषाणूवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. पोट बिघडतं ते वेगळंच.

इतके दिवस का लागतात? विषाणू श्वासनलिकेच्या आतलं अस्तर खरवडून काढतो. खालच्या नसांची टोकं उघडी पडतात. मग गार हवा, अगरबत्तीचा धूर, मोठ्याने हसणं, फोनवर लांबलचक बोलणं, काहीही पुरतं. नवं अस्तर यायला काही आठवडे जातात. तोवर बरं वाटतंय की नाही हे रोज तपासू नका, कारण एक रात्र वाईट गेली की सगळं मुसळ केरात गेल्यासारखं वाटतं. या रविवारची तुलना मागच्या रविवारशी करा. उतार असेल तर सहाव्या आठवड्यातला खोकलाही बरा होण्याच्याच वाटेवर असतो.

चौदाव्या दिवशी बेडका

वरचं सगळं खरं असलं तरी आपल्या देशात एक तारीख चुकवायची नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर क्षयाची, म्हणजे टीबीची तपासणी करून घ्यायची. टीबी झालाच असणार म्हणून नव्हे, तर आपल्याकडे तो सर्रास आढळतो आणि लवकर सापडला की पूर्ण बरा होतो म्हणून. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, महापालिकेचा दवाखाना, सगळीकडे बेडक्याची ही तपासणी फुकट आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याबरोबर आता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतूचा डीएनए शोधतात. ट्रूनॅट हे गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं यंत्र, म्हणून ते लहान केंद्रांतही पोचलं आहे. निकाल काही तासांत लागू शकतो, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही तेही कळतं.

पण तपासणी डब्बीत काय पडलं यावर अवलंबून असते, आणि नेमकी इथेच चूक होते. माणूस संकोचतो, आजूबाजूला लोक असतात, तो तोंडातली लाळ थुंकून डब्बी परत देतो. मग निगेटिव्ह येतो तो लाळेचा रिपोर्ट. नमुने सहसा दोन घेतात: एक तिथेच, दुसरा सकाळी उठल्याउठल्या, काही खाण्यापिण्याआधी. सकाळचा जास्त मोलाचा, कारण रात्रभर साचलेला कफ त्यात येतो. टूथपेस्ट न लावता साध्या पाण्याने चूळ भरा. गच्चीवर, अंगणात किंवा उघड्या खिडकीशी, माणसांपासून लांब उभे राहा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, शेवटचा क्षणभर रोखून धरा आणि छातीच्या तळातून खोका. आलेलं घट्ट, चिकट असलं पाहिजे; वर फेस आणि खाली पाणी असेल तर ती लाळ. २ ते ५ मिलिलिटर, म्हणजे छोटा चमचाभर, पुरे. डब्बीची कड बाहेरून माखू देऊ नका, झाकण घट्ट लावा आणि त्याच दिवशी नेऊन द्या. खोकला कोरडा असेल, बेडका येतच नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. छातीचा एक्स-रे काढून पुढचं ठरवतात.

दुसरी चूक औषधाच्या दुकानात होते. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक टीबीच्या जंतूलाही थोडं दाबतात. आठवडाभर बरं वाटतं, बेडक्यातले जंतू कमी होतात, तपासणी चुकते आणि निदान लांबतं. म्हणून बेडका देण्याआधी या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, घेतल्या असतील तर तपासणाऱ्याला नाव सांगा.

टीबी निघालाच तर नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. औषधं सरकारकडून मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही रक्कम ५०० होती). "टीबी" शब्द घरात नको म्हणून तपासणी टाळणाऱ्या माणसाला हे आधी सांगावं. न तपासता रात्री काढणं हे निदानापेक्षा कठीण जातं.

काही लक्षणं असली तर चौदा दिवसही थांबायचं नाही. बेडक्यात रक्त, मग ते धाग्याएवढं का असेना, बसल्या जागी धाप किंवा आडवं झाल्यावर दम कोंडणं, छातीत दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्री कपडे भिजवणारा घाम, काही न करता वजन उतरणं, ३ आठवड्यांच्या वर बसलेला आवाज, गिळताना अडकणं, पायांवर सूज. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा वर्षानुवर्षांचा खोकला अचानक वेगळा वाटायला लागला तर तेही यातच धरा. ही यादी एकदा वाचायची. रोज रात्री स्वतःला लावून बघायची ही यादी नव्हे.

आठ आठवड्यांनंतर काय शोधतात

बेडका निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ, तंबाखूचा धूर नाही, आणि तरी खोकला आठ आठवड्यांच्या पुढे गेला, तर बहुतेक वेळा मूळ नाकात, दम्यात किंवा वर येणाऱ्या आम्लात सापडतं. त्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट बघा: बीपीच्या गोळ्यांची पट्टी. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. ते "प्रिल"ने संपत असेल, जसं एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, तर कोरडा, घशात खाज सुटल्यासारखा खोकला त्या गोळीचाच असू शकतो. गोळी सुरू करून कित्येक महिने झाल्यावरही तो सुरू होतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. स्वतः बंद करू नका. डॉक्टरांना विचारलं की ते टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी गोळी देतात. खोकला साधारण १ ते ४ आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही घेतो. या काळात "गोळी बदलूनही गेला नाही, म्हणजे दुसरंच काहीतरी" असं मन म्हणतं. थोडं थांबा.

दम्याचं सांगायचं तर छातीत शिट्टी वाजली नाही म्हणजे दमा नाही असं नसतं. नुसता खोकला हेही दम्याचं एक रूप आहे. पहाटे तीन-चारला जाग आणणारा, हसल्यावर, जिना चढल्यावर, गार वाऱ्यात उसळणारा खोकला असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसाचं काम मोजण्याची तपासणी, करावी. गंमत अशी की तपासणीच्या दिवशी फुप्फुस छान वागतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. अशा वेळी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं साधन, कामाला येतं: दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं आणि तिन्हींतला मोठा आकडा वहीत लिहायचा. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत सरासरी १० टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर दम्याचा संशय बळावतो. आणि पंपाची सवय लागते हा समज कृपा करून सोडा. पंपातून औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनलिकेत जातं. गोळीत त्याच्या कितीतरी पट घ्यावं लागतं. पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडं, लावून घ्या, नंतर खळखळून चूळ भरून टाका.

नाकातून घशात उतरणाऱ्या शेंबडाचा खोकला खाकरण्यावरून ओळखू येतो. दिवसभर घसा साफ करावासा वाटतो, सकाळी जास्त. यावर मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं: उकळून कोमट केलेलं पाणी पेलाभर, साधारण २४० मिलिलिटर, त्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीच नाही. नाकाचा स्टिरॉइड फवारा दिला असेल तर उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजवीत, टोक मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला वळवून मारा. पडद्यावर मारला की रक्त येतं आणि माणूस घाबरून फवाराच सोडतो. फरक दिसायला एक-दोन आठवडे लागतात.

आम्लासाठी जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून १५-२० सेंटिमीटर उंची द्या. उशा वाढवल्या तर फक्त मान वाकते. छातीत जळजळ मुळीच नसेल तर नुसत्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी खोकला जाईल ही आशा धरू नका.

घरातली हवाही बघा. बंद खोलीतली मच्छर कॉइल, देवघरातला धूप, चुलीचा धूर. खिडकीत किंवा एसीच्या मागे कबुतरांनी घरटं केलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते. कोरडा खोकला, हळूहळू वाढणारी धाप, असं त्याचं रूप. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून एवढं रण पेटलं त्यात हाही मुद्दा होता. साफ करताना मास्क लावा आणि आधी पाणी मारून ओलं करा, कोरडं झाडू नका. विदर्भात, जिथे हत्तीरोग आहे, तिथे रात्री उसळणारा खोकला आणि रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३००० च्या वर असतील तर हत्तीरोगाच्या जंतूमुळे होणारा एक वेगळाच आजार डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवतात. त्यावर तीन आठवड्यांची स्वस्त गोळी असते.

रिपोर्टमधले शब्द

एक्स-रेचा लिफाफा डॉक्टरांकडे पोचण्याआधी रिक्षातच उघडला जातो. "ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज प्रॉमिनंट" ही ओळ वाचून कित्येकांची रात्र गेली असेल. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका चित्रात जरा ठळक दिसतात, एवढाच तिचा अर्थ. श्वास पुरता भरून न घेता एक्स-रे काढला तरी तसं दिसतं, आणि दुसरं काही नसेल तर या ओळीला फारसं महत्त्व नसतं. "कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा" म्हणजे जुनी, चुना धरलेली, भरून आलेली जखम. बहुधा कधीकाळी शरीराने परतवलेल्या टीबीची खूण. आपल्या लोकसंख्येत ती सर्रास दिसते. "नोड्यूल" म्हणजे बारीक गाठ. ३५ वर्षांवरच्या, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या आणि पूर्वी कर्करोग नसलेल्या माणसात ६ मिलिमीटरपेक्षा छोट्या, घट्ट गाठीला सहसा पुन्हा स्कॅन लागत नाही. त्याच ओळीखाली "क्लिनिकली कोरिलेट" लिहिलेलं असतं. म्हणजे चित्र बघणाऱ्याने माणूस बघितलेला नाही. दोन्ही जुळवून निष्कर्ष काढायचा तो तुमच्या डॉक्टरांनी.

छातीच्या एका एक्स-रेचा किरणोत्सर्ग निसर्गातून साधारण दहा दिवसांत मिळतो तेवढाच. तो काढायला घाबरू नका. पण सीटी स्कॅनचा त्याच्या कित्येक पट असतो, म्हणून "खात्रीसाठी अजून एक" हा हट्ट धरू नये.

भीती घशात काय करते

फोडणीत मिरची जास्त पडली की सगळं घर खोकतं. मिरचीतलं हे कॅप्सेसिनच खोकल्याच्या प्रयोगशाळेत वापरतात. ते वाफाऱ्यातून हुंगायला देतात, मात्रा वाढवत नेतात आणि किती मात्रेला माणूस पाच वेळा खोकतो ते मोजतात. जुनाट खोकल्याच्या माणसाला अगदी थोडी मात्रा पुरते. म्हणजे त्याच्या घशाचा उंबरठाच खाली आलेला असतो. युरोपातल्या श्वसनरोग तज्ज्ञांनी २०१४ मध्ये याला खोकल्याची अतिसंवेदनशीलता असं नावही दिलं. "सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग मनाचं असेल" हे म्हणून चालत नाही ते याचसाठी.

मात्र त्या उंबरठ्यावर मन उभं असतं हेही खरं. खोकला अर्धा आपसूक आणि अर्धा आपल्या हातातला. गाढ झोपेत तो बहुतेक दबून जातो. लक्ष घशाकडे गेलं की खवखव वाढते, खवखव वाढली की खाकरलं जातं, खाकरण्याने स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींवर आदळून सुजतात, आणि सूज पुन्हा खवखवते. घाबरलेला माणूस तोंडाने भराभर श्वास घेतो. कोरडी, गार हवा थेट घशावर आदळते. मग छातीत घट्टपणा, घशात गोळा, बोटांना मुंग्या. ही लक्षणं तो "फुप्फुस गेलं"च्या खात्यात मांडतो.

तपासत राहण्याच्या सवयी याहून वाईट. "पूर्ण श्वास घेता येतोय ना" म्हणून दिवसातून वीसदा छाती भरून श्वास घेतला की त्या श्वासानेच उबळ येते. मानेतली गाठ रोज दाबून बघितली की ती दुखते आणि मोठी वाटते. कोविडपासून घरात पडलेला ऑक्सिमीटर रात्री दोनला बोटाला लावला जातो. बोट गार असतं, नखाला नेलपॉलिश असतं, आकडा ९४ दिसतो, आणि पुढचा तासभर झोप नाही. त्या यंत्रात दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतातच. लावायचाच तर दिवसा, हात ऊबदार करून, पाच मिनिटं स्वस्थ बसून, आकडा स्थिर झाल्यावर वाचा, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच.

यात औषधाच्या बाटल्याही भर घालतात, आणि याविषयी कोणी सावध करत नाही. टर्ब्युटालिन, सालब्युटामॉल किंवा लिव्होसालब्युटामॉल असलेलं सिरप श्वासनलिका सैल करतं, पण छातीत धडधड आणि हातांना थरथर आणतं. घाबरलेल्या माणसाला ही धडधड कशाने आली हे माहीत नसतं. खोकल्याच्या भीतीत हृदयाच्या भीतीची भर पडते आणि ईसीजी निघतो. बाटलीमागचं वाचा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्लोरफेनिरामिन असलेलं सिरप खोकला दाबतं, झोप आणतं; ते घेऊन गाडी चालवू नका. चिंतेसाठी एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांपैकी काही चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेण्याआधी डॉक्टरांना विचाराच, दोन्हींचं जुळत नाही. कोडीन सवय लावतं. जाता जाता: ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध आपल्या अडुळशातल्या द्रव्यावरूनच बनलं आहे. ज्येष्ठमध मात्र रोज भरपूर चघळू नका, बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. झोपताना चमचाभर मध कुठल्याही बाटलीइतकाच कामाचा आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीही नाही.

उबळ येते तेव्हा

कोरडी उबळ दाबता येते, आणि ती शिकायची गोष्ट आहे. घशात पहिली खाज सुटली की लगेच, खोकायच्या आधी: तोंड मिटा, आवंढा गिळा किंवा पाण्याचा लहानसा घोट घ्या. जिभेचं टोक टाळूला लावून नाकाने अगदी हलका श्वास आत घ्या, छाती न फुगवता. मेणबत्तीची ज्योत विझू न देता फुंकावं तसं ओठांचा चंबू करून हळू सोडा. पुन्हा गिळा. पहिल्या दिवशी वीस सेकंद लांबवलं तरी पुष्कळ. खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, ते खाली सोडा. हे खोकला नसताना दिवसातून दोन-तीनदा करून ठेवावं लागतं. ऐन उबळीत पहिल्यांदा आठवून जमत नाही, आणि मग "याने काही होत नाही" म्हणून सोडून दिलं जातं. खाकरण्याच्या जागी प्रत्येक वेळी आवंढा गिळणं ही यातली सगळ्यात मोठी कमाई, तिला पंधरा दिवस द्या. कुजबुजत बोलू नका, त्याने स्वरयंत्रावर जास्त ताण येतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. वाक् उपचार तज्ज्ञ हेच चार-पाच बैठकांत शिकवतात, आणि ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधं हरलेल्या खोकल्यावरही त्याचा चांगला गुण आला होता.

ओला खोकला मात्र दाबायचा नाही, कफ बाहेर पडू द्यायचा. घसा फाडून खोकण्यापेक्षा चष्म्याची काच पुसण्याआधी "हाः" करून वाफ धरतो तसं, तोंड उघडं ठेवून, पोटातून दोन-तीनदा करा. कफ वर सरकतो, मग एकच खोकला पुरतो.

कधी डॉक्टर रात्रीसाठी ॲमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनचा लहान डोस लिहितात. गूगल केलं की पहिलं नैराश्याचं आणि दुसरं फिट्सचं औषध निघतं, आणि "मला वेडं ठरवलं" असं वाटून चिठ्ठी फाडली जाते. ते हळव्या झालेल्या नसा शांत करायला दिलेलं असतं. शंका असेल तर विचारा, पण फाडू नका.

भीतीसाठी एकच वेळ ठरवा. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, वही घेऊन. काय वाटतंय ते तेव्हा लिहायचं; दुपारी दोनला विचार आला तर "सहाला" म्हणून पुढे ढकलायचा. खोकले मोजू नका. दिवसाला ० ते १० असा एकच आकडा झोपण्याआधी लिहा. डॉक्टर एकच ठेवा आणि पुढच्या भेटीची तारीख त्यांच्याकडूनच घेऊन या. तपासणीने येणारा दिलासा चार दिवस टिकतो, मग नवी शंका निघते. त्या शंकेला नवी तपासणी दिली की ती पुढच्या वेळी तीन दिवसांतच येते. खोकला जाऊनही धास्ती महिनोनमहिने राहिली, कामात लक्ष लागेना, तर तो स्वतंत्र आजार आहे आणि त्यावर समुपदेशनाने चांगला गुण येतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं.

बायका सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट: खोकताना लघवीचा थेंब सुटणं. लांबलेल्या खोकल्यात हे फार जणींना होतं आणि त्यापायी लग्नकार्याला जाणं बंद होतं. उबळ येतेय असं वाटताच, खोकण्याच्या क्षणभर आधी, लघवी रोखतो तसे स्नायू आवळून धरा, उभ्या असाल तर पायावर पायाची अढी घाला. दिवसातून तीनदा आठ-दहा वेळा आवळण्या-सोडण्याचा सराव केला की काही आठवड्यांत फरक पडतो. तसंच बरगडीत एकाच जागी, बोटाने दाखवता येईल असं दुखत असेल तर ते बहुधा खोकून ताणलेल्या स्नायूचं असतं, कधी बरगडीला बारीक तडाही जातो. डॉक्टरांना दाखवा, खोकताना तिथे उशी धरून दाबली की दुखणं निम्मं होतं.

आणि घरच्यांनी दिवसातून दहादा "गेला का खोकला?" विचारू नये. प्रत्येक प्रश्नाला माणूस घशात डोकावून उत्तर देतो. रात्री ढास लागली तर मोठा दिवा लावून चौकश्या करू नका. पाठीशी उशी लावून त्याला उठवून बसवा, कोमट पाण्याचा पेला हातात द्या, आणि उबळ ओसरेपर्यंत काही न बोलता शेजारी बसा.